मागचे ड्रम ब्रेक: हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी

पेडल खूप खाली जातंय आणि दोनदा दाबल्यावर वर येतंय? हाताने अॅडजस्ट करायचे ड्रम असलेल्या जुन्या गाडीत बहुतेकदा लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूवरचा घासणारा थर, झिजून ड्रमपासूनचं अंतर वाढलेलं असतं. अनेक जण थेट हँडब्रेकची केबल आवळतात. मग ब्रेक शू पूर्ण मागे येत नाहीत आणि सगळंच गणित बिघडतं.

१. पुढच्या चाकांना विटा लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, केबल सैल.

२. ड्रममागच्या प्लेटवरचा अॅडजस्टर शोधा. कुठे चौकोनी डोकं असतं, कुठे खाचेतून फिरवायचं दातेरी चाक. गंज असेल तर आधी तेल सोडून थांबा. पक्कड लावली की चौकोनी डोकं गोल झालंच म्हणून समजा.

३. गाडीचं चाक जाम होईपर्यंत अॅडजस्टर आवळा. आता पेडल एकदा जोरात दाबून सोडा. शू ड्रममध्ये मधोमध बसतात, म्हणून ही पायरी गाळू नका. चाक पुन्हा फिरलं तर परत आवळा.

४. मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक खटका मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज चालतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचा (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) जडपणा हाताला लागतोच, तो ब्रेकचा नव्हे.

दुसरं चाकही तसंच, आणि मगच केबल.

ड्रम उघडलाच, तर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.