लॅटिनो वस्तीत लठ्ठपणावर काम करताय? या चुका टाळा

दरवर्षी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, करणारी आपली पुण्या-नाशिकची पोरं-पोरी लॉस एंजेलिसमध्ये बॉयल हाइट्स, ईस्ट एलए वगैरे लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेल्यांच्या, भागात फील्डवर्कला येतात, हुशार असतात, लॅपटॉपमध्ये सगळा प्लॅन तयार असतो, आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या बॅचने घातलेले घोळ पुन्हा घालतात. दर वेळी तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दारातच फॉर्म. २०१९ ची गोष्ट, तेव्हा 'पब्लिक चार्ज'चा नवा नियम गाजत होता, म्हणजे सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडू शकतं. एका संस्थेने चर्चच्या हॉलमध्ये स्वयंपाकाचा क्लास ठेवला, फुकट भाजी, मुलांना खेळ, सगळं झकास. आणि दारात टेबल टाकून दोन नवी पोरं क्लिपबोर्ड घेऊन बसलेली: पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला आधार नंबरच म्हणा! का, तर फंड देणाऱ्यांना आकडे दाखवायचेत. पहिल्या बाईने फॉर्म वाचला, मुलाचा हात धरला आणि सरळ मागे फिरली, तिच्या मागच्या दोघीपण. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली असणार, कारण पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये फक्त आम्ही आणि कोथिंबिरीच्या जुड्या.

त्या काळात लोकांनी 'विक' पण सोडलं, म्हणजे गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मिळणारा आहार, जो त्या नियमात कधी नव्हताच. नियम २०२१ मध्ये गेला, भीती काही गेली नाही. त्यामुळे माझ्याकडे रजिस्टर नाही, डोकी मोजायची, कागदावर रेघा मारायच्या, विषय संपला. दारात प्रोमोतोरा उभी करते, म्हणजे त्याच वस्तीतली, थोडं ट्रेनिंग घेतलेली बाई, आपल्याकडच्या आशाताईंसारखी. वजनकाटा तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत गाडीच्या डिकीतच राहतो. फंडवाल्यांना घाई असेल तर त्यांनी स्वतः येऊन उभं राहावं दारात.

दुसरी माझी लाडकी चूक, टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, बंद करा म्हणून सांगणं. अहो, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून केलेली ती टॉर्टिया, त्यातून कॅल्शियम मिळतं, आणि विकच्या यादीत २००९ पासून होल ग्रेन म्हणून सरकारनेच घातलीय. सोबत फ्रिहोलेस, म्हणजे शिजवलेला राजमा. यात वाईट काय आहे? आणि आपली पोरं केल नावाच्या पालेभाजीचं आणि किन्वाचं सॅलड घेऊन जातात, ज्याच्या एका वाटीच्या पैशात तिकडे घरभर जेवण होतं. खरा प्रॉब्लेम बाटलीत आहे. कोकच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, नऊ-दहा चमचे झाले, आणि शिवाय घरी केलेली सरबतं. मी एवढंच धरते. हामाइका, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, ते बंद करायला सांगत नाही, साखर दर आठवड्याला थोडी कमी करायला सांगते. हळू होतं, पण टिकतं.

बाकीच्या पटकन. मंगळवारी सकाळी दहाला वर्कशॉप ठेवू नका, बाई हॉटेलात खोल्या साफ करतेय आणि नवरा बांधकामावर आहे, रविवारी चर्च सुटल्यावर ठेवा. सगळ्यांना मेक्सिकन समजू नका, ग्वाटेमालाच्या कित्येक घरांत किचे बोलतात, तिथे तुमचं स्पॅनिश पत्रक पण परकंच. 'रोज पार्कात चाला' म्हणायच्या आधी रात्री आठला त्या पार्कात स्वतः एक चक्कर मारा, दिवे लागतात का बघा.

आणि शॉर्टकटवाले! साउथ एलएमध्ये २००८ ला शहराने स्वतःच्या वेगळ्या इमारतीतल्या नवीन फास्ट फूड दुकानांवर बंदी घातली, तिथेही लॅटिनो वस्ती मोठी. २०१५ च्या अभ्यासात दिसलं की लठ्ठपणा तिथे वाढतच गेला. वाढणारच ना, स्ट्रिप मॉलमधल्या, म्हणजे एका रांगेत चिकटून असलेल्या, दुकानांना बंदी लागूच नव्हती आणि जुनी होती तशीच चालू. कायदा केला की काम झालं असं वाटणाऱ्यांची मला कीव येते.

तिथल्याच रस्त्यांवर फ्रुतेरो, म्हणजे फळवाला, उभा असतो, आंबा, काकडी, कलिंगड कापून वर लिंबू-तिखट. लोक त्याच्याकडे आपणहून जातात, तुमच्या 'हेल्दी स्टॉल'कडे बोलावून पण येत नाहीत. २०१९ पासून कॅलिफोर्नियात फुटपाथवर विकणं गुन्हा राहिला नाही, पण हेल्थ परमिटची कटकट आहेच. तेव्हा फॉर्म भरायची एवढी हौस असेल तर त्याच्या परमिटचे कागद भरून द्या.