टायर घुमतोय? आधी तळहात फिरवा

थार, जिम्नीसारख्या गाडीला मोठ्या ठोकळ्यांचे एम-टी (मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे) टायर घातले की हायवेवर घूं-घूं ठरलेलीच. रोज चिखल तुडवायचा नसेल तर सरळ ए-टी (ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीचे) घ्या. ठोकळे जवळजवळ असल्याने आवाज आणि हादरे, दोन्ही कमी.

आहे तोच टायर जास्त घुमू लागला तर:

1. टायर थंड असताना नक्षीवरून तळहात आधी पुढे, मग मागे फिरवा. एकाच दिशेने फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर झीज तिरकी आहे.
2. गाडीच्या त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा, अलाइनमेंट (चाकं योग्य कोनात आहेत का) तपासून घ्या. आवाज लगेच जात नाही, हळूहळू उतरतो.

हादरे कमी करायला हवा मात्र दारावरच्या स्टिकरपेक्षा कमी ठेवून हायवेवर जाऊ नका. टायर तापून फुटू शकतो.