पोटाचा अल्सर आणि होमिओपॅथी: या चुका टाळा

पोटात आग पडली की कोल्हापुरात पहिला आळ तांबड्या रश्श्यावर आणि मिसळीच्या कटावर येतो. तिखटाने असलेली जखम झोंबते, हे खरं. पण ती जखम तिखटाने होत नाही. जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी होणाऱ्या अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. जिवाणूचा शोध १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी लावला, त्यासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी आजही रस्सा बंद होतो आणि गोळ्या चालूच राहतात.

अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेणे

ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरली की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, तेही आठ-आठ दिवस. जठराचं अस्तर जपणारं प्रोस्टाग्लँडिन या गोळ्या कमी करतात. हा परिणाम रक्तातूनही होतो, म्हणून जेवणावर गोळी घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतलं तरी धोका टळत नाही. पोटाच्या दृष्टीने पॅरासिटामॉल बरी. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका. पोटाच्या संरक्षणाची गोळी जोडीला द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा.

दुधाने आग विझवणे

गंगावेशीतलं धारोष्ण दूध पिऊन बरं वाटतं, पण थोडाच वेळ. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात. दूध आवडीने प्या, औषध म्हणून नको. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडा. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो.

साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या भरवशावर तपासणी टाळणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. होमिओपॅथीत लक्षणं जुळवून औषध निवडतात: जेवणानंतर जडपणा, चिडचिड असेल तर नक्स व्होमिका, मध्यरात्रीनंतर आग आणि अस्वस्थता असेल तर आर्सेनिकम आल्बम, ढेकर, गोडाची ओढ असेल तर अर्जेंटम नायट्रिकम. पण ३० पोटन्सीत, म्हणजे तीस वेळा शंभरपट पातळ केल्यावर, मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता नसते आणि या औषधांनी जिवाणू मरतो किंवा अल्सर भरतो याचा भरवशाचा पुरावा नाही. अल्सरचं दुखणं मुळात येतं-जातं. आपोआप थांबलं तरी श्रेय गोळ्यांना मिळतं आणि जखम आत तशीच राहते. ज्यांना या गोळ्या घ्यायच्याच आहेत त्यांनी मूळ उपचाराच्या जोडीने घ्याव्यात, बदली म्हणून नव्हे.

‘आधी त्रास वाढतो, मग उतरतो’ ही होमिओपॅथीतली समजूत तर अल्सरमध्ये जिवावर बेतते. डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर येऊन घाम फुटणे, किंवा अचानक असह्य कळ येऊन पोट फळीसारखं कडक होणे, यांपैकी काहीही झालं तर तासाभराचीही वाट पाहू नका. थेट सीपीआर (कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. लोहाच्या आणि बिस्मथच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

चार दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडणे

जिवाणू सापडला तर साधारण १४ दिवस प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी देतात. आम्लाची गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची; जेवून घेतली तर तिचा जोर कमी पडतो. जळजळ आधी थांबते, जिवाणू नंतर मरतो. मधेच सोडलं तर उरलेला जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो.

प्रतिजैविकं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद हवी, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. चालू असेल तर अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. रक्ताची अँटिबॉडी चाचणी इथे कामाची नाही, जिवाणू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येते. जठरातला अल्सर असेल तर पुन्हा एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून जठराची तपासणी) कधी करायची हेही आधीच ठरवून घ्या, कारण कर्करोगाची जखमही सुरुवातीला अशीच दिसू शकते.