जावा वेबॲपमधले शेड्यूल केलेले जॉब: या चुका टाळा

शेड्यूल केलेला जॉब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम. "जॉब लावलाय, माझ्याकडे चालतोय" म्हटलं की काम संपलं, असं मानणारी मुलं सारखी भेटतात. सुरू काय, कुणीही करून दाखवतं. महिन्याभराने रात्री अडीचला तो चालतोय का, ते बघायचा धीर कुणाला नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेड्यूल्ड एक्झिक्युटर सर्व्हिसला (ठरावीक वेळाने काम चालवणारी जावाची सोय) ट्राय-कॅचशिवाय, म्हणजे चूक पकडणाऱ्या कोडशिवाय, काम देणं. त्यातून एक एक्सेप्शन (चालताना उडालेली चूक) बाहेर पडलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. लॉगमध्ये अक्षर उमटत नाही, कारण एक्सेप्शन फ्यूचरमध्ये, म्हणजे कामाचा निकाल ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, जाऊन बसतं आणि ते कुणी उघडून बघत नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये ऐन हंगामात हेच झालं. कोल्ड स्टोरेजचं तापमान दर पाच मिनिटांनी सेन्सरकडून घ्यायचं, वाढलं तर सुपरवायझरला मेसेज, एवढाच जॉब. रात्री सेन्सरकडून रिकामं उत्तर आलं, नल पॉइंटर एक्सेप्शन उडालं आणि जॉब तिथेच थांबला. मग कॉम्प्रेसर बंद पडला. स्क्रीनवर सकाळपर्यंत शेवटचं जुनं ०.८ अंशच. दार उघडल्यावर गार हवा अंगावर आली नाही, तेव्हा लोकांना कळलं. मला बोलावलं तोवर ॲप कुणी रीस्टार्ट केलं नव्हतं, हे नशीब. थ्रेड डंपमध्ये (कोणता थ्रेड त्या क्षणी काय करतोय त्याची यादी) शेड्यूलरचा एकुलता थ्रेड जिवंत होता, पण 'टाइम्ड वेटिंग'ऐवजी, म्हणजे ठरलेल्या वेळेची वाट बघण्याऐवजी, नुसता 'वेटिंग'. म्हणजे रांगेत पुढची फेरीच नव्हती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक जॉबची पहिली ओळ ट्राय असते, कॅचमध्ये थ्रोएबल (सगळ्या चुकांचा मूळ प्रकार) पकडून पूर्ण स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठल्या ओळीतून आली तो माग, लॉग करतो. रिकामा कॅच मला कोड रिव्ह्यूत चालत नाही. शेवटची यशस्वी फेरी कधी झाली ते डेटाबेसमध्ये लिहितो, आणि ती वेळ शिळी झाली की दुसऱ्या मशीनवरून अलार्म वाजतो. स्क्रीनवर आकड्याशेजारी त्याची वेळ हवीच.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं ॲट-शेड्यूल्ड (मेथडवर लावायची खूण) एरर लॉग करून पुढची फेरी चालू ठेवतं, म्हणून स्प्रिंगवर शिकलेले साध्या एक्झिक्युटरवर बेसावध असतात. पण स्प्रिंग बूटचा शेड्यूलर मुळात एकाच थ्रेडचा. एक रिपोर्ट अर्धा तास रेंगाळला की बाकीचे जॉब ताटकळतात. थ्रेडचा पूल वाढवा.

लिनक्सची पाच रकान्यांची क्रॉन ओळ (जॉब कधी चालवायचा ते सांगणारी) स्प्रिंगमध्ये चिकटवू नका. स्प्रिंगमध्ये सहा रकाने, पहिला सेकंदाचा. सेकंदाच्या रकान्यात ० ऐवजी तारा (*) राहिला तर रात्री दोनचा जॉब त्या मिनिटभर दर सेकंदाला सुटतो. वाराच्या रकान्यात क्वार्ट्झमध्ये (जावाची दुसरी शेड्यूलर लायब्ररी) १ म्हणजे रविवार, स्प्रिंगमध्ये सोमवार.

सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर रात्री दोनचा जॉब आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो. झोन स्पष्ट लिहा: आशिया/कोलकाता.

लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर जोडला की तोच जॉब दोन्हीकडे चालतो आणि कांद्याच्या भावाचा एसएमएस शेतकऱ्याला दोनदा जातो. "एकाच सर्व्हरवर जॉब चालवायचा फ्लॅग ठेवू" हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. तो सर्व्हर पडला की जॉबही गेला. एका वेळी एकाच सर्व्हरला जॉब चालवू देणारी शेडलॉक लायब्ररी वापरा, नाहीतर क्वार्ट्झचा क्लस्टर मोड.

एक्झिक्युटर स्वतः बनवला असेल तर कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉइडमध्ये (ॲप बंद होताना चालणारी मेथड) तो शटडाउन करा. नाहीतर टॉमकॅट या वेब सर्व्हरवर ॲप रीडिप्लॉय केल्यावर (नवीन आवृत्ती चढवल्यावर) जुना थ्रेड जुन्या कोडसकट चालूच राहतो.