लावणीनंतरचे पाणी : भाताचे खाचर कधी सुकू द्यावे, कधी नाही

जगातली निम्म्याहून जास्त माणसे भातावर जगतात, पण पिकलेल्या तांदळाचा जेमतेम दहावा हिस्सा देशाबाहेर विकला जातो. बाकीचा पिकतो तिथेच शिजतो. त्यामुळे एका मोठ्या देशाने निर्यात रोखली तरी भाव कडाडतात. २००८ मध्ये ते झाले, २०२३ मध्ये भारताच्या बंदीनंतर पुन्हा झाले. अशा वेळी घरची कणगी भरलेली असेल तोच निर्धास्त. म्हणून यंदा पाणी बेताचे असेल, तर ते नेमके कधी द्यायचे हे आधी ठरवा.

खाचरात सतत पाणी तुंबवून ठेवायची गरज नसते. साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा, हात आत जाईल इतका रुंद पाईप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडा आणि तेवढा भाग चिखलात रोवा. आतली माती काढून टाका. हे राहून गेले तर पाईप काहीच सांगत नाही. लावणीनंतर दोन आठवड्यांनी पाणी आटू द्या. वरची जमीन कोरडी दिसली की जीव घाबरतो, पण मुळांपाशी ओल असते. पाईपमधली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरा. युरियाचा हप्ता या भरण्याच्या आदल्या घटकेला, म्हणजे वाया जात नाही. पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत होते, मिथेनही कमी सुटतो. तण फार माजले असेल तर मात्र आधी त्याचा बंदोबस्त करा, आटवणे दोन-तीन आठवडे पुढे ढकला.

फुलोऱ्याला हा खेळ बंद. फुलोऱ्याआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा खाचरात ५ सेंटिमीटर पाणी हवेच. भाताचे फूल सकाळी तास-दीड तासच उघडते. त्या वेळी पारा ३५ अंशांच्या वर असला किंवा झाडाला ताण बसला, तर परागीभवन बिघडते आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. वाचवलेले पाणी इथेच खर्च करायचे. सकाळी लवकर फुलणारे वाण मिळत असेल तर पुढच्या हंगामासाठी बघून ठेवा.

कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा. मळणीनंतर चोवीस तासांत वाळवायला घाला आणि ओलावा १४ टक्क्यांवर आल्याशिवाय पोती शिवू नका. बियाण्यासाठी १२ टक्के.