शाखेचं पुढचं वर्ष ठरवताय? आधी माणसांचे तास मोजा

नवीन कमिटीच्या पहिल्या मीटिंगला काय होतं सांगतो. कोणतरी वही काढतं, दर महिन्याला एक लेक्चर, दोन साईट व्हिजिट, फॅमिली गेट-टुगेदर, रक्तदान, क्रिकेट, सगळे "करूया की, होय की" म्हणतात, चहा येतो, फोटो ग्रुपवर पडतो आणि गणपतीपर्यंत सगळं एकटा सेक्रेटरी ओढायला लागलेला असतो. दोन वर्षं तो सेक्रेटरी मीच होतो. आमची इंजिनियर-आर्किटेक्ट लोकांच्या संघटनेची शाखा, मेंबर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी असे पसरलेले, सगळे आपापला धंदा सांभाळून येणारे, पगार कुणालाच नाही.

तर कार्यक्रमांची यादी करायच्या आधी एक करा. कमिटीतल्या प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या आणि महिन्याला खरंच किती तास जमतील तो आकडा लिहायला लावा. तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की सगळे "सर कधीपण फोन करा" म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत. चिठ्ठीवर माणूस जरा खरं लिहितो. आमच्या ९ जणांच्या चिठ्ठ्या मिळून महिन्याला ३० तास पण भरले नाहीत. मग फळ्यावर संध्याकाळच्या एका साध्या लेक्चरला काय काय लागतं ते लिहिलं, वक्त्याला तीनदा फोन, हॉल बघून येणं, नोटीस, आदल्या दिवशी आठवण, प्रोजेक्टरची केबल (कधीच बसत नाही ती), नाश्त्याला किती प्लेट सांगायच्या त्याची चर्चा, बिलं, मग हेड ऑफिसला रिपोर्ट. १८-२० तास गेले की! म्हणजे दर महिन्याला लेक्चर धरलं तर बाकी कशालाच माणूस उरत नाही. त्या वर्षी १४ कार्यक्रमांचे आम्ही ६ केले, दोन जण रुसले, पण सहाच्या सहा झाले.

आता तारखा. हेड ऑफिसच्या तारखा आधी टाका, मेंबरशिप रिन्यूअल, वार्षिक रिपोर्ट, अधिवेशन, त्या काय आपल्या हातात नाहीत. मग कालनिर्णय उघडून आधी नको त्या दिवसांवर काट मारा. २०२६-२७ चंच बघा. इंजिनियर्स डे १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, आणि यंदा गणपती १४ ला बसतोय. बेळगावात दुसऱ्या दिवशी हॉलमधे कोण येणार, आणि दीड दिवसाचा गणपती असलेला माणूस तर विसर्जनाच्या गडबडीत. आम्ही सरळ ६ सप्टेंबर धरायचं म्हणतोय, आधी केला म्हणून कोण काय म्हणत नाही. अनंत चतुर्दशी २५ ला, इथली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे बाहेरच्या वक्त्याला आधीच सांगा नाहीतर बिचारा गाडीत अडकतो. १ नोव्हेंबरला शहरात काहीच ठेवू नका, कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी, इथल्या माणसाला सांगायला नको, आणि लगेच ८ ला लक्ष्मीपूजन. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की पाहुण्याला लॉजवर रूम मिळणं मुश्कील, तेव्हा बाहेरचा वक्ता नको, घरचाच बघा. मार्चला तर नावच काढू नका, सगळे बिलं पास करून घ्यायच्या मागे. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पण विसरू नका. आणि शनिवार संध्याकाळ नकोच, साईटवर लेबरचं पेमेंट असतं.

मग उरलं काय? पावसाळा. जुलै-ऑगस्टला आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की साईट थंड, माणूस मोकळा, टेक्निकल लेक्चरं तेव्हाच लावा, फक्त हॉलला जनरेटर आहे का विचारून घ्या. आणि यंदा १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे, लग्नं नाहीत, कार्यालयं रिकामी, भाडं पण कमी करून मागता येतं. कमिटीची दिवसभराची प्लॅनिंग मीटिंग तेव्हा घ्या, जावई लोक तेवढे धोंड्याच्या जेवणाला जातील, त्यांना रविवार सोडून बोलवा.

कामं वाटताना प्रत्येक कार्यक्रमाला दोन माणसं, एक मुख्य, एक जोडीदार, आणि जोडीदार पुढच्या वर्षी मुख्य होणार हे आत्ताच बोलून टाका. मावळता अध्यक्ष आणि पुढचा अध्यक्ष दोघेही त्या मीटिंगला पाहिजेत. काम सांगताना "स्पॉन्सरचं जरा बघा" असं सांगितलं की ते होत नाही. "१० तारखेच्या आत खानापूर रोडच्या दोन सिमेंट डीलरना भेटून या" असं सांगा. आणि कृपा करून पोरींना स्वागताला आणि समई लावायला उभं करणं बंद करा ओ, आमची सगळ्यात चांगली साईट व्हिजिट दोन ज्युनियर पोरींनी केली, बसपासून हेल्मेटपर्यंत सगळं त्यांनीच बघितलं.

स्पॉन्सरवरून आठवलं. पैसे देणारा माणूस बोलायला उभा राहिला की बसत नाही. त्याला १० मिनिटं द्या, लेक्चरच्या आधी द्या, आणि नाश्ता शेवटी ठेवा, नाहीतर इडली खाऊन अर्धे पसार. बजेटमधे फक्त वर्गणीचे हातात आलेले पैसे धरा, स्पॉन्सरचे आले तर बोनस.

भाषेचा प्रश्न येतोच. नोटीस कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्हीत काढा, एकाच भाषेत काढली तर अर्धा ग्रुप गप्प बसतो. हॉलमधे मात्र वक्त्याला ज्यात जमतं त्यात बोलू दे, बीम-कॉलमला सगळे बीम-कॉलमच म्हणतात.

दसरा झाला की एकदा बसून उरलेल्यातलं काय सोडायचं ते ठरवा, तेव्हा सोडलेलं बरं, जानेवारीत पडलेलं दिसतं.

राहिला चार्ज. मी सेक्रेटरी झालो तेव्हा शिक्का, लेटरहेड आणि चेकबुक एका निळ्या प्लास्टिक पिशवीत, पिशवी जुन्या खजिनदाराच्या घरी, आणि ते पुण्याला मुलाकडे गेलेले. बँकेत सही बदलायला ठराव, तिघांचं केवायसी, परत ठराव, कारण पहिल्यावर शिक्का नव्हता, अख्खा पावसाळा गेला, वक्त्यांचं मानधन मी खिशातून दिलं. म्हणून ठराव पहिल्याच मीटिंगला करा, तिघांपैकी दोघांच्या सह्या चालतील असं लिहा, आणि मेंबरांची यादी कुणाच्या तरी पर्सनल ईमेलमधे असेल तर ती त्याच दिवशी शाखेच्या ईमेलवर घ्या. आमची निळी पिशवी आता शाखेच्या कपाटात आहे, किल्ल्या दोन, एक सेक्रेटरीकडे, एक खजिनदाराकडे.