विशी इकडेतिकडे गेली असेल तर: आधी वही, मग बायोडाटा

पुण्यात शिकायला आलेल्या पुष्कळांची विशी सरळ जात नाही. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट, मग हिंजवडीत रात्रपाळी, मग नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं, मध्येच आठ महिने गावाकडे आणि परत येऊन चाकणला कंत्राटावर. तिशीच्या उंबरठ्यावर आता एका जागी टिकायचं असं ठरतं, आणि बायोडाटा लिहायला बसलं की हात अडतो. वर्षं तुकड्यातुकड्यांनी आठवतात. कागद कुठे गावच्या ट्रंकेत, कुठे जुन्या रूममेटकडे, कुठे कॉलेजच्या कपाटात पडलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने नवा कोर्स लावतात. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की नव्या कोर्सची फी भरण्याआधी गेलेली वर्षं महिन्यावार लिहून काढा. काय अर्धवट राहिलंय आणि त्यातलं काय अजून पुरं होऊ शकतं, हे त्याशिवाय कळत नाही.

त्यासाठी दोनशे पानी मोठी वही घ्या. एका पानावर एक वर्ष आणि बारा ओळी, सुरुवात दहावीच्या निकालापासून. रकाने चार: महिना, राहायचा पत्ता, काय चाललं होतं आणि पैसे कुठून येत होते, त्याचा कागद आहे का. पैसे कुठून येत होते हे अवश्य लिहा. वडील पाठवत होते, शिकवण्या घेत होतो, बहिणीकडे राहत होतो, जे असेल ते. पुढे मुलाखतीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

भरताना आधी पत्त्याचा रकाना भरा. नोकरी लागल्याची तारीख विसरते, पण खोली विसरत नाही: कोणत्या वाड्यात कॉट होती, मेसचा डबा किती वाजता यायचा, शेजारच्या कॉटवर कोण होतं. महिना पक्का करायला शहरातल्या घटनांचा आधार घ्या. नोटबंदी ८ नोव्हेंबर २०१६ची. आंबिल ओढ्याचा पूर २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीचा. टाळेबंदी २५ मार्च २०२०पासून. पुण्याची मेट्रो पहिल्यांदा धावली ६ मार्च २०२२ला, आणि चांदणी चौकातला जुना पूल पाडला तो त्याच वर्षी १ आणि २ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री. 'पूर आला तेव्हा मी कुठे झोपायचो' या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं, 'दुसरी नोकरी कधी सोडली' याला मिळत नाही. गुणपत्रिकांचंही तसंच. विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले हे नाव २०१४मध्ये आलं, त्यामुळे नुसतं 'पुणे विद्यापीठ' असेल तर ती गुणपत्रिका त्याआधीच्या काळातली.

काही महिन्यांपुढे काहीच लिहिता येणार नाही. तिथे 'घरी होतो' किंवा 'काही नाही' असंच लिहा. ओळ रिकामी सोडली की पुढे तिथे खोटं भरायचा मोह होतो. दोन रविवारांत एवढं काम होतं. एकट्याने नाही जमलं तर त्या काळातल्या रूममेटला फोन लावा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं.

कागद गोळा करताना

पहिली अडचण बहुधा मोबाइल नंबरची येते. पीएफ, डिजिलॉकर, आयकराचं संकेतस्थळ, सगळीकडचा ओटीपी शेवटी आधारला जोडलेल्या नंबरावर येऊन थांबतो, आणि भटकण्याच्या वर्षांत सिम दोनतीनदा बदललेलं असतं. म्हणून आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं हे पहिलं काम. ते न करता बाकीची कामं काढली की प्रत्येक ठिकाणाहून रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

नोकरीचा पुरावा तीन ठिकाणी सापडतो. बँकेच्या उताऱ्यात पगार जमा झाल्याची नोंद असते. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षं ठेवाव्या लागतात, त्यापेक्षा जुना उतारा मिळेल की नाही हे त्या त्या शाखेवर अवलंबून, त्यामुळे जे आज मिळतंय ते आजच काढा. पगारातून टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापला गेला असेल तर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये कंपनीचं नाव आणि तिमाही दिसते. आणि पीएफ कापला जात असेल तर पासबुकात एकेक महिना असतो.

पीएफबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं. यूएएन हा पीएफमधला माणसाचा कायमचा नंबर आहे, तो २०१४पासून आला. नोकरी बदलली तरी तोच राहायला हवा. पण घाईत नोकरी धरताना 'आधी पीएफ नव्हता' असं लिहून दिलं की दुसरा यूएएन तयार होतो, आणि मग सेवा दोन तुकड्यांत मोजली जाते. तसं झालं असेल तर जुन्या खात्यातली रक्कम नव्यात वर्ग करून घ्या. ती अडते दोन कारणांनी. नावात किंवा जन्मतारखेत आधारशी फरक असतो, किंवा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ही तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते, कंपनीच्या मागे लागायची गरज नाही. पुण्याचं पीएफ कार्यालय गोळीबार मैदानाजवळ आहे. तिथे जाताना आधार, पॅन, पासबुकाची छापील प्रत आणि असतील त्या पगारपावत्या न्या.

छोटी रक्कम आहे म्हणून काढून टाकू नका. सलग सेवा ५ वर्षं व्हायच्या आत पैसे काढले तर त्यावर कर लागू शकतो, आणि रक्कम वर्ग केली की आधीच्या नोकरीचा काळ या ५ वर्षांत धरला जातो. पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते. दीड वर्ष इथे, अकरा महिने तिथे, असे तुकडे ज्यांचे आहेत त्यांना तर ते जोडून ठेवणं फार गरजेचं आहे.

न सांगता सोडलेली नोकरी ही दुसरी गाठ. गावाला गेलो आणि परतलोच नाही, असं पुष्कळांचं होतं. कंपनीच्या दफ्तरी मग 'फरार' अशा अर्थाची नोंद राहते आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत ती समोर येते. एचआरला मेल करा: कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, नोटिशीच्या काळाची रक्कम भरायची तयारी, आणि रिलीव्हिंग लेटरची, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याच्या पत्राची, मागणी. मेलमध्ये कारणांचा पाल्हाळ नको. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती वहीला लावा. पत्र मिळालं नाही तरी तुम्ही मागितलं होतं एवढं त्यातून सिद्ध होतं.

अनुभवाची खोटी पत्रं विकत मिळतात, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. घेऊ नका. पडताळणी करणारे हल्ली यूएएनवरची सेवेची नोंद मागतात. ज्या काळात तुम्ही एका आयटी कंपनीत होता असं पत्र सांगतं, त्याच काळात पासबुकात दुसऱ्याच कंपनीची वर्गणी दिसते. हे बहुधा रुजू झाल्यावर दोनतीन महिन्यांनी उघडं पडतं, नोकरी जाते आणि त्या कंपनीची दारं कायमची बंद होतात. दोन वर्षांची पोकळी कबूल करून मिळालेली कमी पगाराची नोकरी याहून कितीतरी बरी.

अर्धवट पदवी

आधी सगळ्या गुणपत्रिका सत्रवार लावा आणि राहिलेले विषय मोजा. इंजिनिअरिंग असेल तर पॅटर्न, म्हणजे कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम, ते बघा: २००८, २०१२, २०१५, २०१९. मग कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. पदवी पुरी करायची माझी कालमर्यादा संपली का? माझ्या पॅटर्नच्या परीक्षा अजून होतात का, की समकक्ष विषय द्यावे लागतील? जादा संधीचं परिपत्रक सध्या लागू आहे का? उत्तर तोंडी मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. बऱ्याच मुलांनी 'आता काही होणार नाही' हे फक्त मित्रांकडून ऐकलेलं असतं, खिडकीवर कधी विचारलेलंच नसतं. चारपाच विषय राहिले असतील आणि मर्यादा शिल्लक असेल तर दुसरं काहीही करण्याआधी ते सोडवा.

मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले असतील तर नम्रपणे पण ठामपणे मागा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८मध्येच बजावलेलं आहे. दुसरीकडे प्रवेश घेताना कॉलेज सोडल्याचा दाखला लागतो, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्रही. गुणपत्रिका हरवली असेल तर पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून तिची प्रत काढा, दुय्यम प्रतीच्या अर्जाला ती बहुधा मागतात. गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरी मिळतात. पण स्टँपपेपर घेण्याआधी ज्या कॉलेजात द्यायचंय तिथे नमुना मागा. दोन वेगवेगळी गॅप एकाच प्रतिज्ञापत्रात कोंबली की कागद परत येतो.

मर्यादा संपलीच असेल तर पदवी नव्याने करावी लागेल, आणि कमावता कमावता करायची तर मुक्त विद्यापीठ हा चांगला मार्ग आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे, त्याची अभ्यासकेंद्रं पुण्यातल्या कॉलेजांत चालतात. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी होतात, आणि तिथे बीए कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६ वर्षांत पुरं करता येतं. इंजिनिअरिंग मात्र दूरशिक्षणाने होत नाही. तसं कोणी विकत असेल तर उठून या. बारावीच राहिली असेल तर राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, किंवा एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, जिथे एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत ९ संधी मिळतात.

हाताने काम करायची आवड असेल तर आयटीआयकडे वय झालं म्हणून पाठ फिरवू नका. तिथे कमाल वयाची अट नाही. वेल्डर एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी कंत्राटावर दोनतीन वर्षं काढली आहेत त्यांना यंत्रांची ओळख आधीच झालेली असते, कमी असतो तो कागद. औंधचा आयटीआय त्यासाठी जवळ आहे.

स्पर्धा परीक्षेची वर्षं

सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ इथल्या अभ्यासिकांत गेलेली वर्षं बायोडाट्यात लपवली जातात, याचं आम्हाला वाईट वाटतं. त्या वर्षांचा पुरावा असतो: प्रवेशपत्रं, उत्तीर्णांच्या यादीतला बैठक क्रमांक, मुख्य परीक्षेचे गुण. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यातून ते छापून घ्या, पासवर्ड विसरायच्या आत. पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण झालात तर तसं एका ओळीत लिहा. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन प्रमाणपत्र काढलं असेल तर तेही लिहा.

अजून द्यायची की थांबायचं, हे ठरवताना वयाच्या मर्यादेवर विसंबू नका. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा इतकी लांब आहे की वर्षं निघून जातात आणि पत्ता लागत नाही. यूपीएससीत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि ६ संधी आहेत, आणि पूर्व परीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी संधी मोजली जाते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ची. ज्यांची सगळी तयारी बहुपर्यायी प्रश्नांची होती त्यांना लिहिण्याचा सराव जवळजवळ मुळापासून करावा लागेल. वहीत बघा: गेल्या तीन प्रयत्नांत गुण वाढले का? एकाच जागी अडकले असतील तर अभ्यासिकेचं पुढच्या वर्षाचं शुल्क भरण्याआधी नोकरी धरा आणि एखादी सरळसेवा परीक्षा सोबत ठेवा.

वहीतून बायोडाटा

वही पुरी झाली की एकदा सलग वाचा आणि जे वारंवार आलंय त्याखाली रेघ मारा. धर्मानंद कोसंबी १८९९मध्ये गोव्यातलं घर सोडून पुण्याला आले. पुढची काही वर्षं काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी गेली. १९१२मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. नुसती ठिकाणं वाचली तर ती वणवण दिसते. पण प्रत्येक मुक्कामाला बौद्ध धर्माचा शोध होता. आपला धागा एवढा ठळक नसेल, पण असतो. कॉल सेंटर, शिकवणी, मेडिकल दुकान या तिन्हींत कोणी रोज अनोळखी माणसांना समजावून सांगत असेल, तर तो धागा आहे, आणि कोणत्या नोकऱ्यांना अर्ज करायचा ते त्यावरून ठरतं.

बायोडाटा दोन पानांत बसवा. तारखा महिन्यासकट लिहा, नुसती वर्षं लिहिली की काहीतरी झाकल्याचा संशय येतो. चार महिन्यांच्या तीन नोकऱ्या एकाच मथळ्याखाली घ्या. सहा महिन्यांहून मोठ्या गॅपला एक ओळ द्या.

'मध्ये काय करत होता?' हा प्रश्न येणारच. उत्तर तीन वाक्यांचं ठेवा: काय करत होतो, ते का थांबवलं, आता हेच काम का. आजारपण किंवा घरची अडचण खरी असेल तर तेवढं सांगून थांबा. पुढचं विचारलं तरच बोला. हे उत्तर आरशासमोर पाठ करू नका, मित्राला प्रश्न विचारायला लावा, कारण खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाला येते: 'पुन्हा सोडून जाणार नाही कशावरून?' इथे वचनं देऊ नका. आजवर एका जागी सर्वांत जास्त किती महिने टिकलात ते सांगा, आणि ते पासबुकात दिसतं हेही सांगा. मूळ कागदांची फाइल वर्षवार लावलेली, झेरॉक्सचे दोन संच आणि वहीतल्या गॅपच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. वही मात्र घरीच ठेवा.